खडक फुटण्याचे संगणकीय गणित

रस्त्याची खडी असो वा धातूचे खनिज, खाणीतला दगड क्रशरमधून गेल्याखेरीज उपयोगी पडत नाही. अमेरिकेतील ईलाय व्हिटनी ब्लेक यांनी १८५८ मध्ये पेटंट घेतलेला जॉ क्रशर आजही मूळ तत्त्वावरच चालतो : एक स्थिर व एक हलता जबडा आणि त्यांच्यामध्ये चिरडला जाणारा दगड.

दगड फोडण्यास किती ऊर्जा लागते, याचे नियम रिटिंगर (१८६७), किक (१८८५) आणि बाँड (१९५२) यांनी मांडले. ते एकूण ऊर्जेचा अंदाज देतात. यंत्राच्या पोटात कोणता दगड कोठे व कसा फुटतो, हे सांगत नाहीत. ती उणीव संगणकीय प्रतिमानांनी भरून काढण्यास आरंभ केला.

पीटर कंडॉल व ओटो स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘डिस्क्रीट एलिमेंट’ पद्धत त्यांत महत्त्वाची ठरली. तीत प्रत्येक कण स्वतंत्र मानला जातो. कण एकमेकांना किंवा यंत्राच्या पृष्ठभागाला भिडताच निर्माण होणारे बल काढले जाते आणि न्यूटनच्या नियमाने त्यांची पुढची स्थिती ठरते. काळाच्या अतिसूक्ष्म टप्प्यांत हेच गणित अगणित वेळा होते.

फुटणे दाखवण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात अनेक लहान गोल बंधांनी जोडून एक दगड रचतात. ताण बंधाच्या ताकदीपलीकडे गेला की बंध तुटतो व तडा पसरतो. दुसऱ्यात ठरावीक मर्यादा ओलांडताच मूळ दगड काढून त्याच्या जागी तुकडे ठेवतात. पहिला मार्ग तड्याचा माग दाखवतो, पण संगणकावर मोठा भार टाकतो. दुसरा वेगवान आहे, मात्र तुकड्यांचे आकार आधीच ठरवून द्यावे लागतात.

जबड्यांतील अंतर, यंत्राची गती किंवा अस्तराचा आकार बदलल्यास काय होईल, हे यामुळे पोलाद न कापताच पडताळता येते. वीज आणि अस्तराची झीज या दोन्ही खर्चाच्या बाबी असल्याने त्याचे मोल मोठे आहे.

तथापि प्रतिमानातील तुकडा सर्वांत लहान गोलाहून बारीक होऊ शकत नाही. म्हणजे क्रशरशेजारच्या वस्तीला छळणारी धूळ बहुधा या गणिताबाहेरच राहते. शिवाय खडकातील जुन्या भेगा व खनिजांची सरमिसळ दगडागणिक बदलते. म्हणून वजन पाडून नमुने फोडण्याची चाचणी, चाळणीवरचे मोजमाप आणि मोटारीने प्रत्यक्ष ओढलेली वीज यांच्याशी ताळा जुळल्याशिवाय पडद्यावरचे उत्तर ग्राह्य धरता येत नाही.