कार्ड कुणाचं, वीज कुणाची?

गेल्या वेळी आपण मोहरा आणि शिक्के पाहिले. कागदावर राजाची मोहर उमटली की कागद राजाचा, असं गृहीत धरून शतकानुशतकं कारभार चालला. आज तेच गृहीत मी तुम्हाला प्लॅस्टिकच्या एका कार्डात दाखवणार आहे. विषय कळल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, तुम्ही आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग?" म्हटलं, ये तर खरा.

माझ्या मामांचे सांगलीला दोन ट्रक होते. डिझेल ठरलेल्या पंपावर, उधारीवर. ड्रायव्हर मामांच्या सहीची चिठ्ठी घेऊन जायचा, पंपवाला ती खिळ्याला टोचून ठेवायचा आणि महिनाअखेर हिशेब व्हायचा. चिठ्ठीवर ट्रकचा नंबर, लिटर आणि सही. चौथी गोष्ट कागदावर नसायची. ती म्हणजे, पंपवाला ड्रायव्हरला तोंडानं ओळखायचा. नवा माणूस चिठ्ठी घेऊन आला की तो घरी निरोप पाठवून खात्री करून घ्यायचा. ही चौथी गोष्ट लक्षात ठेवा.

आता एखाद्या कंपनीच्या आवारात चार्जर बसवले, अशी कल्पना करा. तिथे पंपवाला नाही. गाड्या कंपनीच्या, कर्मचाऱ्यांच्या, पाहुण्यांच्या, अशा सगळ्याच येणार. मीटर एवढंच सांगतो की इतके युनिट गेले. कुणी नेले, हे विजेला ठाऊक नसतं. म्हणून कार्ड आलं.

या कार्डात बॅटरी नसते. रीडरभोवती रेडिओलहरींचं क्षेत्र असतं, वारंवारिता १३.५६ मेगाहर्ट्‌झ. कार्डातल्या तारेच्या वेटोळ्यात त्यातून पुरेशी ऊर्जा उतरते, चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. समोरच्याच्याच ऊर्जेवर बोलायचं, ही कल्पना जुनी आहे. १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूतांना सोव्हिएत मुलांनी लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. त्यात लेऑन थेरेमिन यांनी घडवलेलं, बॅटरी नसलेलं हेरगिरीचं यंत्र होतं. बाहेरून रेडिओलहर सोडली की ते खोलीतलं बोलणं परत पाठवायचं. १९५२ पर्यंत ते कुणाला सापडलं नाही! आपलं कार्ड त्याचं दूरचं भावंड. अमेरिकेत १९७३ मध्ये चार्ल्स वॉल्टन यांनी अशा पद्धतीनं दार उघडण्याचं पेटंट घेतलं. १९९४ मध्ये ऑस्ट्रियातल्या मिक्रॉन कंपनीनं 'मायफेअर' चिप आणली आणि बसचं तिकीट, ऑफिसचं दार, कँटीनचा हिशेब हे सगळं हळूहळू कार्डावर आलं.

चार्जिंगमधल्या कार्डाची गोष्ट नेदरलँड्समध्ये नीट पाहायला मिळते. २००९ मध्ये तिथल्या वीजवितरण जाळं सांभाळणाऱ्या कंपन्यांनी मिळून 'ई-लाड' ही संस्था काढली. तिला देशभर चार्जिंगचे खांब उभारायचे होते, पण खांब बनवणारे वेगवेगळे. प्रत्येकाचा खांब वेगळ्या भाषेत बोलायला लागला तर हिशेब कोण जुळवणार? म्हणून खांब आणि मध्यवर्ती संगणक यांच्यासाठी एक सामाईक भाषा केली, 'ओपन चार्ज पॉइंट प्रोटोकॉल', म्हणजे ओसीपीपी. आज जगभर, आपल्याकडेही, चार्जर हीच भाषा बोलतात.

त्यातला संवाद मामांच्या पंपासारखाच आहे. कार्ड टेकवलं की खांब विचारतो, हा क्रमांक आलाय, देऊ का? संगणक म्हणतो, दे, किंवा हा अडवलेला आहे, किंवा याची मुदत संपली. मग वीज सुरू होते, अधूनमधून मीटरचे आकडे जातात, शेवटी बंद केल्याची नोंद होते. कंपनीच्या खात्यात त्या क्रमांकापुढे कर्मचाऱ्याचं नाव असतं, कुठल्या विभागाचा खर्च ते असतं. डच नोकरदारांत कंपनीनं भाड्यानं घेऊन दिलेली गाडी वापरणारे पुष्कळ. त्यांना गाडीबरोबर हे कार्ड मिळतं, आणि घरच्या चार्जरवर ते टेकवलं की घरी भरलेल्या विजेचे पैसेही कंपनीकडून परत मिळतात. शेजाऱ्यानं गाडी लावली तर ती कंपनीच्या बिलात येऊ नये, हाही हेतू. आणखी एक सोय मला फार मानवी वाटते. एका गटातली कार्डं एकत्र बांधता येतात. एकानं सुरू केलेलं चार्जिंग गटातला दुसरा बंद करू शकतो. सहकारी मीटिंगमध्ये अडकलाय, त्याची गाडी भरली आहे आणि मागे तुम्ही ताटकळताय, तर ही सोय उपयोगी पडते.

आता अडचणीचा भाग. तळघरातला चार्जर, नेटवर्क गेलंय. कार्ड टेकवलं, विचारायचं कुणाला? यासाठी खांबाजवळच ओळखीच्या क्रमांकांची यादी ठेवता येते. पण यादीत नसलेला क्रमांक आला तर? तो निर्णय कंपनीनं आधीच करून ठेवायचा असतो, अनोळखीला द्यायचं की नाही. दिलं तर फुकट्याचं फावतं. नाही दिलं तर परवाच रुजू झालेली मुलगी रात्री साडेआठला रिकाम्या बॅटरीनं तळघरात उभी राहते. प्रोटोकॉलच्या भाषेत हा एक खटका आहे, चालू किंवा बंद. मला विचाराल तर कंपनीच्या बंद आवारात मी तो चालूच ठेवीन. काही युनिट बुडाले तर बुडोत.

मोठा घोटाळा यापुढचा आहे. २००७ च्या डिसेंबरात जर्मनीत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्‌झ यांनी मायफेअर चिप थरथर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तिचं गुपित वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी नायमेगेनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी ते कुलूप पुरतं उघडलं. चिप बनवणारी कंपनी कोर्टात गेली, आणि कोर्टानं शोधनिबंध छापायला मोकळीक दिली. पण चार्जिंगवाल्यांना या कुलपाची फिकीरच नव्हती. का? कारण ते कुलूप वापरतच नव्हते! ते फक्त चिपचा उघडा क्रमांक वाचत. चार बाइटांचा, म्हणजे फार तर सुमारे ४२९ कोटी क्रमांक. पुढे तेही पुरेनात, म्हणून सात बाइटांचे आले. २०१७ च्या डिसेंबरात लाइपझिगच्या परिषदेत मथियास डालहाइमर यांनी दाखवलं की असा क्रमांक उचलून दुसऱ्याच्या नावावर गाडी भरता येते. बिल जाणार बिचाऱ्या कार्डधारकाला, आणि 'मी नव्हतो' हे सिद्ध कोण करणार?

आपल्याकडे प्रत्यभिज्ञेचं ठरलेलं उदाहरण आहे, 'तोच हा देवदत्त'. पूर्वी पाहिलेला आणि आता समोर असलेला माणूस एकच, हे ओळखणं. रीडर फक्त 'तोच हा क्रमांक' एवढं म्हणतो. देवदत्ताचं नाव आपण त्याला मागून चिकटवतो. पंपवाल्याकडची चौथी गोष्ट इथे गळून पडली आहे, आणि यंत्राचा त्यात दोष नाही.

उपाय आहेत. क्रमांकाऐवजी गुप्त किल्ली तपासणारी कार्डं आहेत. गाडी स्वतःच केबलमधून आपलं प्रमाणपत्र दाखवते अशीही व्यवस्था आहे, पण त्यात गाडी ओळखली जाते, चालवणारा नाही. मला सगळ्यात प्रामाणिक वाटली ती जर्मनीतली नोंदपद्धत. तिथे वजनमापांचा कायदा कडक. मीटरच्या आकड्यावर डिजिटल सही करून तो ग्राहकाला तपासता यावा, अशी अपेक्षा. त्यासाठीच्या 'ओपन चार्ज मीटरिंग फॉरमॅट'मध्ये आकड्याशेजारी आणखी एक रकाना आहे, माणसाची ओळख कितपत पक्की? त्यात पायऱ्या आहेत, आणि नुसता कार्डाचा क्रमांक वाचला असेल तर त्या पायरीचं नाव आहे 'ऐकीव'.

ऐकीव! आपल्या पौराणिकांनी याला ऐतिह्य म्हटलं आणि स्वतंत्र प्रमाण मानलं. या वडावर यक्ष राहतो, असं लोक म्हणतात. कुणी पाहिलं, ते माहीत नाही. नैयायिकांनी ते वेगळं मानायला नकार दिला, ते शब्दप्रमाणातच घातलं आणि विचारलं, सांगणारा विश्वासू आहे का? कंपनीच्या हिशेबनिसानं महिनाअखेरीला हाच रकाना आधी वाचावा आणि मग कुणाच्या पगारातून पैसे कापायचे ते ठरवावं.