वर्ग खुला, वसतिगृह बंद

विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे विद्यार्थी आत आला, असे आपण मानतो. परंतु त्याला राहावे लागते, जेवावे लागते. आणि भेदभावाची खरी कसोटी तेथेच लागते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा इतिहास याची साक्ष देतो.

डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस १८८८ साली हार्वर्डमध्ये दाखल झाले. तेथील डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय हा मान त्यांना १८९५ मध्ये लाभला. विद्यार्थिदशेत मात्र ते एका कृष्णवर्णीय बाईंच्या घरी भाड्याने खोली घेऊन राहिले.

१९१४ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांच्या कारकिर्दीत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली. श्रीमंतांची मुले आलिशान खासगी निवासांत आणि गरिबांची स्वस्त खोल्यांत, ही दरी बुजवून सर्वांना एकत्र आणावे, हा हेतू उदात्तच होता. पण या 'सर्वां'त कृष्णवर्णीय धरले नव्हते. १९२२ मध्ये रॉस्को काँकलिंग ब्रूस यांनी आपल्या मुलासाठी तेथे जागा मागितली. ते स्वतः हार्वर्डचे १९०२ चे पदवीधर, वडील अमेरिकेचे माजी सिनेटर. तरीही लॉवेल यांनी नकार दिला. शिक्षणाची संधी समान देऊ, परंतु दोन्ही वर्णांच्या मुलांवर सहवासाची सक्ती करणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पत्रव्यवहार प्रसिद्ध होताच माजी विद्यार्थ्यांतूनही निषेध उमटला. अखेर १९२३ मध्ये नियामक मंडळाने ठरविले, की वर्णामुळे कोणालाही वगळू नये. मात्र एकत्र राहण्या-जेवण्याची सक्तीही करू नये. एका हाताने दिलेले निम्मे दुसऱ्या हाताने परत घेतले गेले.

हे वाचून अमेरिकेला नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्या बडोद्याचे काय? सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांना जागा मिळाली. १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी येथे आले, तेव्हा पारशी उतारगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. शहरात कोठेही थारा न मिळाल्याने परतीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी कमाटी बागेत काही तास काढले. नोकरीचा हुकूम होता, खोली नव्हती.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यातील खोली आडनाव विचारूनच भाड्याने दिली जाई. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. लॉवेल यांनाही वाटले नव्हते.