किहीमची रेषा

मुंबईत वॉर्डन रोडला, समुद्राच्या कडेला, भुलाभाई देसाईंचा बंगला होता. त्यांच्या पश्चात तिथे कलासंस्था सुरू झाली आणि पन्नास-साठच्या दशकांत त्या एका छपराखाली काय काय नांदलं! अल्काझींच्या थिएटर युनिटच्या तालमी, रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा, हुसेन आणि गायतोंडे यांचे स्टुडिओ. १९५८च्या सुमारास लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकून आलेली एक विशीतली मुलगी या गजबजाटात येऊन बसली. तिचं नाव नसरीन मोहमदी. गजबजाटातून तिने काय उचललं, हे कळायला जगाला आणखी चाळीसेक वर्षं लागली.

नसरीन यांचा जन्म १९३७चा, कराचीचा. घर सुलेमानी बोहरा, तय्यबजींच्या गोतावळ्यातलं. आई लहानपणीच गेली. १९४४मध्ये कुटुंब मुंबईला आलं. वडिलांचे अनेक उद्योग होते, त्यांत बहारीनमधलं कॅमेऱ्यांचं आणि छायाचित्रणाच्या सामानाचं दुकानही होतं. धाकटा भाऊ अल्ताफ पुढे चित्रकार झाला. तो पक्का डाव्या विचारांचा, माणसं रंगवणारा. बहिणीच्या कागदावर मात्र पुढे पुढे माणूस काय, झाडसुद्धा उरलं नाही.

सुरुवातीला झाडं होती. साठच्या दशकातल्या त्यांच्या शाईच्या कामात फांद्या, वाळकी पानं, पाण्याचे ओघळ यांचा भास होतो. भुलाभाईतल्या ज्येष्ठांपैकी वासुदेव गायतोंडे यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. नागपुरात जन्मलेला, जे. जे.त शिकलेला हा अबोल माणूस तेव्हा चित्रातून आकार हद्दपार करत होता. १९६१मध्ये नसरीन यांचं पहिलं एकल प्रदर्शन भुलाभाईतल्याच ‘गॅलरी ५९’मध्ये झालं. बाल छाबडांनी काढलेली ही गॅलरी म्हणजे त्या काळातल्या नव्या चित्रकारांचा मोठाच आधार. त्यानंतर फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला गेल्या आणि १९६३मध्ये परतल्या. पुढे दिल्ली, आणि १९७२पासून बडोदा.

गायतोंडे यांना रंग सोडवला नाही. नसरीन यांनी तोही सोडला. कॅनव्हास सोडला, तैलरंग सोडले, ब्रशही जवळजवळ सोडला. उरला दीड-दोन फुटांचा कागद, पेन्सिल, काळी शाई आणि वास्तुरचनाकार वापरतात ती साधनं: ड्राफ्टिंगचं टेबल, पट्टी, गुण्या, रूलिंग पेन. शाळेतल्या कंपासपेटीची मोठी भावंडंच म्हणा. आधी आडव्या-उभ्या रेषांची जाळी आली. मग जाळी विरळ झाली, रेषा तिरक्या झाल्या आणि ऐंशीच्या दशकात तर कोऱ्या कागदावर दोन-चार तिरके शर किंवा एखादा कंस अधांतरी तरंगू लागला. रूलिंग पेनच्या दोन पात्यांमधलं अंतर स्क्रूने किती ठेवायचं, यावर रेषेची जाडी ठरते; शाई किती भरायची, हात कुठे हलका करायचा, यावर तिची सफाई. एक थेंब सांडला की सगळा कागद वाया. शेकडो रेषांच्या चित्रात शेवटच्या रेषेपर्यंत ही टांगती तलवार असते.

या चित्रांना शीर्षकं नाहीत. बहुतेकांवर तारीख नाही, अनेकांवर सहीसुद्धा नाही. संग्रहालयांच्या पाट्यांवर जी सालं दिसतात, ती बव्हंशी मागाहून इतरांनी अंदाजाने लावलेली आहेत.

हे सगळं चाललं होतं ते बडोद्यात, हे विसरून चालणार नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात तेव्हा वारं नेमकं उलट्या दिशेने वाहत होतं. गुलाममोहम्मद शेख, भूपेन खख्खर ही मंडळी गोष्ट सांगणारं, माणसांनी भरलेलं, रंगीत चित्र घेऊन उभी होती. १९८१चं ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन या प्रवाहाचा जाहीरनामाच ठरलं. आपले सुधीर पटवर्धनही त्यात होते. त्याच आवारात नसरीन शिकवत होत्या. सहकाऱ्यांमध्ये आणि विद्यार्थ्यांमध्ये त्यांच्याबद्दल आदर होता, माया होती. पण भारतीय चित्रकलेचा तेव्हाचा जो मोठा वाद होता, भारतीयपण कुठून आणायचं हा, त्यात त्यांच्या कागदाला कुठेच जागा नव्हती. बाजाराला कागदापेक्षा कॅनव्हास प्यारा. शिवाय बिनशीर्षकाचं, बिनरंगाचं चित्र दिवाणखान्यात टांगणार कोण? नसरीन यांनी बरीच चित्रं मित्रमंडळींना देऊन टाकली.

मग पाश्चात्त्य समीक्षकांनी त्यांना शोधलं आणि लगेच अमेरिकन चित्रकार अ‍ॅग्नेस मार्टिनशेजारी बसवलं. दोघींच्या चित्रांत जाळी आहे, रेषा आहेत, रंगांचं पथ्य आहे. तुलना अगदीच चूक नाही. पण भारतातल्या बाईला दारातून आत घ्यायचं तर आधी न्यूयॉर्कची शिफारस लागते, हा त्यातला सूर खटकतो. मार्टिनची जाळी कागदाशी समांतर, शांत पसरते. नसरीन यांची तिरकी रेषा निघते ती वेगाने, कागदाबाहेर कुठेतरी जायला. ती आली कुठून, याचं उत्तर शोधायचं तर मुंबईची खाडी ओलांडून अलिबाग तालुक्यात उतरावं लागतं.

किहीमला मोहमदी कुटुंबाचं घर होतं. सुलेमानी बोहऱ्यांचा या गावाशी जुना घरोबा; सालिम अलींनी १९३०मध्ये सुगरण पक्ष्याचा तो प्रसिद्ध अभ्यास केला, तोही इथेच. नसरीन या किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा येत राहिल्या. बरोबर कॅमेरा असे. ओहोटीने वाळूवर ओढलेल्या कडा, ओल्या-सुक्याची सीमा, क्षितिज. कॅमेरा इतरत्रही फिरला: फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, चंदीगडचं काँक्रीट, डांबरी रस्त्यावरचे पांढरे पट्टे, मागावर ताणलेले धागे. हे फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. ते चित्रांची कच्ची टिपणं नव्हेत, पण दोन्ही शेजारी ठेवले की ‘अमूर्त’ म्हणवणारी ही बाई आयुष्यभर किती डोळे रोखून जग बघत होती, ते दिसतं. त्यांच्या रोजनिशीचीही हीच तऱ्हा. तारखांच्या छापील चौकटीत लिहिलेला मजकूर त्या शाईच्या पट्ट्यांनी झाकत जात, आणि पान वाचायचं की पाहायचं हे ठरवता येऊ नये, असं करून सोडत.

शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांचा शरीरावरचा ताबा हळूहळू सुटत गेला. चालणं अवघड झालं, हात ऐकेनासे झाले. तरी कागदावरची रेषा सरळच राहिली. या गोष्टीत नाट्य आहे, म्हणून त्यांच्यावरचे बरेचसे लेख तिथेच रेंगाळतात. रेंगाळू नये. ज्या शिस्तीने ती रेषा टिकली, ती शिस्त आजाराच्या कितीतरी आधी, धडधाकट हातांनी कमावलेली होती. आजारामुळे चित्रं मोठी झाली असं म्हणणं म्हणजे त्यांच्या मेहनतीचं श्रेय दुखण्याला देणं.

१४ मे १९९० रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, किहीमलाच त्यांचं निधन झालं. कलासमीक्षक गीता कपूर यांनी त्यांच्यावर दीर्घ निबंध लिहिला. अल्ताफ यांनी १९९५मध्ये रोजनिशीतल्या नोंदी, लेख आणि चित्रं यांचं पुस्तक काढलं. नंतरचा प्रवास झपाट्याचा: २००७मध्ये जर्मनीतलं डॉक्युमेंटा, २०१३मध्ये दिल्लीचं किरण नाडर संग्रहालय, पाठोपाठ लिव्हरपूलचं टेट आणि माद्रिदचं रेना सोफिया. मार्च २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्याच दिवशी जी दोन प्रदर्शनं लावली, त्यांतलं एक नसरीन यांचं होतं. गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन त्याआधी दीडेक वर्ष त्याच शहरात, गुगेनहाइममध्ये झालं होतं. वॉर्डन रोडवरच्या बंगल्यातली ही दोघं, न्यूयॉर्कला अशी मागोमाग पोचली. बंगला मात्र कधीच पाडला गेला.

ही चित्रं मोबाइलवर किंवा पुस्तकात पाहून मत बनवू नये, एवढी विनंती. पेन्सिलच्या सर्वांत फिक्या रेषा छपाईत हरवतात, आणि नसरीन यांच्या कागदावर बरंचसं काम त्याच करतात. किरण नाडर संग्रहालयाकडे त्यांच्या कामाचा मोठा संग्रह आहे. दिल्लीला गेलात आणि त्यांतलं एखादं चित्र भिंतीवर असलं, तर आधी दहा पावलांवरून पाहा, मग नाक काचेला लागेल इतक्या जवळून.