झालरीच्या पंख्यापासून संगणकाच्या पंख्यापर्यंत

संगणकाचा पंखा हा काय लिहायचा विषय झाला का, असा प्रश्न आमच्या घरातूनच आला. पण इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. समोर काही घरघरलं की ते कुठून आलं हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

सुरुवात मोटरीच्याही आधीपासून करू. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इंग्रजी मुलखात काय आणि निजामीत काय, साहेबांच्या कचेरीत छताला रुंद कापडी झालर टांगलेली असे. तिची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर जाई आणि ओसरीत बसलेला माणूस ती ओढत राही. (त्या बिचाऱ्याला वारा कोण घाली?) झालर रुंद आणि संथ, म्हणून वारा भरपूर आणि आवाज नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला 'टिफ्रॅक' संगणक १९६० साली सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पाच व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना त्याची तापलेली पाठ आठवत असेल. तसे पाचशेहून जास्त रेडिओ एका जागी, असा हिशोब करा! संगणकात जेवढी वीज जाते तेवढी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. ती बाहेर काढणं हे तेव्हापासूनचं दुखणं.

पुढे ट्रान्झिस्टर आले, चिप आली आणि पेटी टेबलावर मावू लागली. १९८१ च्या आयबीएमच्या पीसीत प्रोसेसरला स्वतःचा पंखा नव्हताच, फक्त वीज पुरवणाऱ्या डब्यात एक होता. १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसायला लागला. २००४ पर्यंत पेंटियम ४ शंभर वॅटच्या वर गेला, म्हणजे वीतभर जागेत शंभराचा बल्ब सतत पेटलेला. बऱ्याच पेट्यांत त्यावर तोड म्हणून छोटे पंखे जोरात पळवले गेले, आणि टेबलाखाली पिठाची गिरणी सुरू झाली. २००६ साली इंटेलचा कोअर २ ड्युओ ६५ वॅटवर आला तेव्हा कुठे जरा हायसं वाटलं.

आता माझ्या गरजेकडे येतो. माझी थोरली बहीण आक्का पंच्याऐंशीच्या घरात आहे. जात्यावरच्या ओव्या तिच्याइतक्या आमच्या नात्यात दुसऱ्या कोणाला येत नाहीत, म्हणून त्या संगणकावर ध्वनिमुद्रित करतो आहे. तिचा आवाज बारीक झालाय. ओवीचं शेवटचं अक्षर ती हळूच सोडते आणि नेमकं तेच पंख्याच्या घरघरीत बुडतं.

इथे झालर आठवा. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी १२० चा घेतला, तर तेवढाच वारा द्यायला त्याला तत्त्वतः एक तृतीयांशापेक्षाही कमी फेरे पुरतात. आणि फेरे निम्मे केले तरी आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. म्हणून मी १२० चे दोन घेतले, पुढचा हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा. दोन्ही चार तारांचे, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त होतो. बुशचे पंखे स्वस्त आणि नवे असताना शांत असतात. पण आमच्या उन्हाळ्यात तेल आटलं की कण्हू लागतात. मी जरा जास्त पैसे मोजून बॉल बेअरिंगचे आणले.

पंखा कितीही चांगला असला तरी तो खोलीतलीच हवा आत घेणार. मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असेल तर प्रोसेसरची सुरुवातच तिथून. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ साली पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, आठवतं? एवढा अवाढव्य कारखानासुद्धा थंडाव्यासाठी बाहेरच्या पाण्यावर अवलंबून. माझ्या पेटीची गत काय वेगळी! त्यातून आमची धूळ. पुढच्या पंख्याला जाळी लावली आहे, ती दर पंधरवड्याला झटकावी लागते.

आक्काची अट मात्र वेगळीच निघाली. छताचा पंखा बंद केला की तिला उकडतं, आणि चालू ठेवला तर माझी सगळी खटपट वाया. मग मुद्रण पहाटे पाचला ठेवलं. ती म्हणाली, जात्यावर बसायची वेळ तीच होती.