बीटा-रोधक औषधे आणि मेंदूचे रक्ताभिसरण

अनुकंपी तंत्रिका तंत्राच्या बीटा ग्राहींवर (विशिष्ट रसायनाला प्रतिसाद देणाऱ्या कोशिकांवरील स्थानांवर) ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन यांची होणारी क्रिया रोखणाऱ्या औषधांना बीटा-रोधक औषधे म्हणतात. हृद्‌शूल, उच्च रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता इ. विकारांत ती वापरली जातात. हृदयासाठी शोधलेल्या या औषधांमुळे मेंदूविषयीच्या एका जुन्या समजुतीचीही फेरतपासणी झाली. शारीरिक श्रमाने हृदय व स्नायू यांच्या कार्यात कितीही फरक पडला, तरी मेंदूचा रक्तपुरवठा व चयापचय अबाधित राहतात, अशी ती समजूत होती.

या समजुतीला प्रयोगाचा आधार होता. सीमूर केटी व कार्ल श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४५ च्या सुमारास मानवी मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत शोधून काढली. नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगण्यास देऊन रोहिणीतील व मानेतील नीलेतील रक्तात त्याचे प्रमाण कसे वाढत जाते, यावरून हा प्रवाह काढीत. मेंदूचे वजन शरीराच्या सु. २% असले, तरी विश्रांतीच्या अवस्थेत शरीर वापरीत असलेल्या ऑक्सिजनापैकी सु. २०% ऑक्सिजन त्याला लागतो व त्याच्या दर १०० ग्रॅ. ऊतकातून मिनिटाला सु. ५० मिलि. रक्त वाहते. १९५४ मध्ये शाइनबर्ग व त्यांचे सहकारी यांना जोरदार व्यायामातही या प्रवाहात लक्षणीय बदल आढळला नाही. मात्र या पद्धतीने कित्येक मिनिटांची सरासरीच मिळत असल्यामुळे क्षणोक्षणी होणारे बदल तिच्यात उमटत नसत.

बीटा-रोधकांचा इतिहास याच काळात सुरू झाला. १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी ॲड्रेनॅलिनासारख्या पदार्थांच्या परस्परविरोधी परिणामांचा उलगडा करण्यासाठी आल्फा व बीटा असे दोन प्रकारचे ग्राही असल्याचे प्रतिपादन केले. प्रारंभी या कल्पनेकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. १९५८ मध्ये पॉवेल व स्लेटर यांनी डायक्लोरोआयसोप्रोटेरेनॉल हा पहिला बीटा-रोधक पदार्थ प्रसिद्ध केला. परंतु तो स्वतःच काही अंशी ग्राहींना उत्तेजित करीत असल्याने उपचारास निरुपयोगी ठरला. हृद्‌शूलात हृदयाचा रक्तपुरवठा वाढविण्याऐवजी हृदयाची ऑक्सिजनाची गरजच कमी करावी, असा विचार ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी मांडला. त्यांच्या गटाने १९६२ मध्ये प्रोनेथॅलॉल पुढे आणले. उंदरांत त्यामुळे अर्बुदे उद्‌भवल्याने ते मागे पडले व १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉलाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. १९६७ मध्ये लँड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा ग्राहींचे दोन उपप्रकार दाखविले : बीटा-१ मुख्यतः हृदयात, तर बीटा-२ श्वासनलिका, रक्तवाहिन्या इ. ठिकाणी. ब्लॅक यांना १९८८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासमवेत विभागून मिळाले.

१९८२ मध्ये रूने ऑस्लिड यांनी कवटीतून श्राव्यातीत ध्वनितरंग पाठवून मेंदूच्या रोहिण्यांतील रक्ताचा वेग मोजण्याची डॉप्लर पद्धत प्रचारात आणली. तिच्यामुळे व्यायामातील बदल ठोक्यागणिक नोंदविता येऊ लागले. मध्यम श्रमात मध्य मस्तिष्क रोहिणीतील वेग वाढतो आणि श्रम तीव्र झाल्यावर जलद श्वसनाने रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटला की तो पुन्हा उतरतो, असे दिसून आले. १९९८ मध्ये कोपनहेगन येथील ईडे, सेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा-१ ग्राही रोखणारे मेटोप्रोलॉल देऊन सायकल-व्यायामाचे प्रयोग केले. हृदयाकडून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त कमी वाढले, तेव्हा मेंदूतील वेगही कमी वाढला. २००० मध्ये याच गटाने मानेच्या तळाशी असलेली एका बाजूची अनुकंपी गुच्छिका बधिर केली, तेव्हा औषधामुळे खुंटलेली ही वाढ पुन्हा दिसू लागली. हृदय अपुरे पडत असता अनुकंपी तंत्रिका मेंदूच्या वाहिन्यांनाही आवर घालतात, असा याचा अर्थ लावला गेला.

चयापचयाबाबतचा निष्कर्ष याहून अनपेक्षित होता. ग्लुकोजाच्या एका रेणूच्या पूर्ण ज्वलनास ऑक्सिजनाचे सहा रेणू लागतात. म्हणून मेंदूने घेतलेला ऑक्सिजन व कर्बोदके यांचे गुणोत्तर विश्रांतीत सहाच्या आसपास असते. थकवा येईपर्यंत व्यायाम केल्यास मेंदू रक्तातून ग्लुकोजाबरोबर लॅक्टेटही अधिक घेतो व हे गुणोत्तर घटते. २००८ मध्ये डेन्मार्कमधील आठ पुरुषांवरील प्रयोगात ते सु. ५.५ वरून ३ वर आले. दोन्ही उपप्रकार रोखणारे प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर मात्र ही घट झाली नाही. केवळ बीटा-१ रोखणाऱ्या मेटोप्रोलॉलाने ती थांबत नसल्याचे आधीच दिसले होते; त्यामुळे या बदलामागे बीटा-२ ग्राही असावेत, असे अनुमान निघाले. तथापि प्रोप्रॅनोलॉल घेतल्यावर श्रमाची कमाल पातळी सु. २३९ वॉटवरून २०९ वॉटवर उतरली होती व रक्तातील लॅक्टेटही कमी वाढले होते, हे अनुमान करताना ध्यानात घ्यावे लागते. २००९ मधील संबंधित अभ्यासात प्रोप्रॅनोलॉलामुळे श्रमाच्या अखेरीस मेंदूच्या ललाटखंडातील ऑक्सिजनाची पातळी घटलेली आढळली.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत. डॉप्लर पद्धतीने रक्ताचा वेग कळतो. वाहिनीचा व्यास स्थिर असेल तरच त्यावरून प्रवाह ठरविता येतो. शिवाय हे प्रयोग थोड्या निरोगी व्यक्तींवर झालेले असून हृद्‌रोग्यांच्या बाबतीत ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तरीही बीटा-रोधक घेणाऱ्या रुग्णाला श्रमात लवकर येणारा थकवा केवळ स्नायू व हृदय यांच्यापुरता मर्यादित नसून त्यात मेंदूच्या ऑक्सिजनपुरवठ्याचाही भाग असू शकतो, असे त्यांवरून दिसते. अशा रुग्णांत नाडीच्या वेगावरून श्रमाचा अंदाज नेहमीप्रमाणे करता येत नाही. थकव्यामुळे औषध अचानक थांबविणेही धोक्याचे असते. कारण त्यामुळे हृद्‌शूल बळावण्याचा संभव असतो. मात्रा कमी करणे वा औषध बदलणे हे वैद्याच्या सल्ल्याने व क्रमाक्रमानेच करणे इष्ट ठरते.