ऱ्हॅब्डॉप्स ॲक्वाटिकस

उत्तर सह्याद्रीतील दुर्मिळ, बिनविषारी, निमजलचर साप. दक्षिण महाराष्ट्र, गोवा व उत्तर कर्नाटकातून ज्ञात. पूर्वी याला ऱ्हॅब्डॉप्स ऑलिव्हेसियसच समजत; 2017 मध्ये वरद गिरी व सहकाऱ्यांनी स्वतंत्र जाती ठरवली. 2019 मध्ये ईशान्य भारतातील जाती स्मिथोफिस प्रजातीत गेल्यावर ऱ्हॅब्डॉप्स ही पश्चिम घाटापुरतीच प्रजाती उरली.

पिल्ले सड्यांवरील पाणथळींत, प्रौढ साप रानातल्या ओढ्यांत आढळतात. वावर बहुधा रात्रीचा. पाठ हिरवट-तपकिरी, तीवर बारीक काळे ठिपके. मात्र रंगावर विसंबू नये. कोयनानगरसारख्या ओढ्यांच्या मुलखात पाण्यातला साप बहुधा दिवडच निघतो. दिवडीचे खवले कंगोरेदार, याचे गुळगुळीत, 17 ओळींत. खात्रीची खूण डोक्यावर असते : नाकपुड्यांमधले खवले दोन, पण त्यांमागचा पूर्वललाट खवला एकच. रंगाने जवळच्या ॲट्रेटियम शिस्टोसममध्ये नेमके उलट, पुढचा एक व मागचे दोन. म्हणून डोक्याचे वरून घेतलेले स्पष्ट छायाचित्र ओळखीला फार उपयोगी पडते. साप मात्र ओढ्यातच राहू द्यावा.