राणीच्या बागेतील थंडी

हुबळी-धारवाडहून निघून बेळगाव ओलांडावे आणि कोल्हापूरच्या रस्त्यास लागावे, म्हणजे भूतरामनहट्टीचे प्राणिसंग्रहालय येते. कित्तूरच्या राणी चन्नम्माचे नाव त्याला दिलेले आहे. वाघ, बिबट्या, काळवीट ही आपल्याकडची जनावरे. उन्हाळ्यात त्यांना झाडांची सावली, डुंबावयास पाणी आणि फार तर वाळ्याचे ओले पडदे मिळाले, की त्यांचे भागते. जनावर एका हवेतले आणि पिंजरा दुसऱ्या हवेत, अशी स्थिती आली म्हणजे मात्र इंधन जाळणे भाग पडते.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय लोकांनी उष्ण प्रदेशांतील पशू आपल्या थंड शहरांत नेले. ते जगावेत म्हणून त्यांना कोंदट, तापविलेल्या घरांत कोंडीत. जर्मनीच्या कार्ल हागेनबेकने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगेन येथे निराळा प्रयोग मांडला. गजांऐवजी खंदक ठेवले आणि आत-बाहेर करण्याची मोकळीक देऊन सिंहांनाही उघड्या हवेची सवय लावली. हा गृहस्थ माणसांचीही प्रदर्शने भरवीत असे, तेव्हा त्याच्याविषयी अवाजवी आदर बाळगण्याचे कारण नाही. परंतु त्याचे निरीक्षण अचूक होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे चिटणीस पीटर चाल्मर्स मिचेल यांनीही कृत्रिम उष्णतेपेक्षा मोकळ्या हवेचाच पुरस्कार केला. दोघांचा हेतू पशूंच्या आरोग्याचा होता, कोळशाच्या बचतीचा नव्हे.

आपल्या मुलखात उलट प्रकार घडला. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली उघडली, ती वनस्पतींचे उद्यान म्हणून. प्राणी मागाहून आले. तिच्या हजारो वृक्षांनी मुंबईच्या त्या गजबजलेल्या भागास दीड शतक फुकट गारवा पुरविला. आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात ते हेच. तेथे २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियाहून ८ हंबोल्ट पेंग्विन आणण्यात आले. त्यांतील एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावली. २०१७ च्या मार्चमध्ये काचेमागचे दालन लोकांस खुले झाले. पुढे तेथे पिल्लेही वाढली.

हा पक्षी बर्फातला नव्हे. तो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतो. तेथील समुद्राचा थंड प्रवाह अलेक्झांडर फॉन हंबोल्टने १८०२ साली मोजला, म्हणून प्रवाहास आणि पक्ष्यास त्याचे नाव पडले. पेरूला निसर्ग जे काम समुद्राकरवी करून घेतो, ते भायखळ्यास यंत्राकरवी करावे लागते. हवा १६ ते १८ अंशांवर ठेवावयाची, पाणी गार करावयाचे, आणि तेही अहोरात्र. यंत्र थंडी निर्माण करीत नाही. आतली उष्णता उपसून बाहेर टाकते, म्हणजे शहराच्याच अंगावर. विजेपैकी मोठा हिस्सा आपल्या देशात अद्याप कोळशातून येतो. म्हणून दालन जितके गार, तितका कुठल्या तरी धुराड्यातून कर्बवायू अधिक. वैशाखात रांग लावणाऱ्यांपैकी काही मंडळी पेंग्विनपेक्षा त्या गारव्यासाठीच आत शिरत असतील, तर नवल नाही.

असले दालन एकदा उभारले, की काटकसरीचे उपाय राहतात ते किरकोळ: दुहेरी काच, भिंतीत उष्णतारोधक थर, दारांत दुहेरी झडप, छपरावर सूर्यविजेच्या तबकड्या. ते करावेतच. मात्र यंत्र बंद करता येत नाही, कारण आत जीव आहेत. खरी बचत जनावर निवडतानाच व्हावयाची असते.

सिंगापूरने ती निवड उशिरा का होईना, केली. विषुववृत्तानजीकच्या त्या बेटावर १९९० साली इनुका नावाचे ध्रुवीय अस्वल जन्मले, आणि त्याने सारे आयुष्य तेथेच काढले. यापुढे नवी ध्रुवीय अस्वले आणावयाची नाहीत, असे तेथील प्राणिसंग्रहालयाने २००६ साली जाहीर केले. २०१८ च्या एप्रिलमध्ये वार्धक्याने खंगलेल्या इनुकास वैद्यांनी वेदनारहित मरण दिले. त्याच्या जागी दुसरे अस्वल आले नाही.